मुरबाडकडची दीड एकर भाताची खाचरं: यंदा नांगर लावूच नये का?

कळव्याचा_शेतकरी | १० मे, रात्री ११:४०
नमस्कार मंडळी. राहायला कळव्याला, नोकरी महापेला, शेत मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या अलीकडे. दीड एकर, सगळी भाताची खाचरं. बघतात बाबा, मी आपला शनिवार-रविवारचा गडी. गेल्या जुलैत एका रात्रीत वरच्या खाचराचा बांध फुटला आणि सकाळी ओढ्याचं पाणी बघितलं तर अगदी टपरीवरच्या चहासारखं, ती सगळी आमचीच माती. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी (रोपं उपटून खाचरात लावणं) नाही, पेंढा शेतातच ठेवायचा, भातानंतर वाल किंवा हरभरा घ्यायचा असं काहीतरी वाचलंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "नांगर न लावता शेती म्हणजे चूल न पेटवता भाकरी." ट्रॅक्टरवाला तासाला हजार मागतो, आवणीला बाया मिळत नाहीत, सगळ्या गोडाऊनला जातात. कोणी आपल्या भागात हे केलंय का? खरं खरं सांगा.

तिसरी_घंटी | १० मे, रात्री ११:५२
चूल न पेटवता भाकरी आमच्याकडे रोज येते, अॅपवरून.

नांगरधारी | ११ मे, सकाळी ६:१५
तुमचे बाबा बरोबर आहेत. बदलापूरकडे आमची तीन एकर आहे, चाळीस वर्षं करतोय. चिखलणी का करतात तेवढं आधी समजून घ्या. चिखल केला की खाली पाणी मुरत नाही, खाचरात उभं राहतं, उभ्या पाण्यात तण येत नाही. हे बाप-आज्याने उगाच नाही शोधलेलं. आणि खोडकिडा? भात कापल्यावर धसकटात त्याची अळी झोपून असते. आम्ही कापणीनंतर नांगरून धसकटं उलटी करतो, गोळा करून जाळतो. तुम्ही तीच धसकटं जपून ठेवणार, म्हणजे किडीला धर्मशाळा बांधणार.

भातखाचर | ११ मे, सकाळी ९:३०
नांगरधारी काका, तुमचा खोडकिड्याचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, त्यावर येतो. मी शहापूर तालुक्यातला, सहा वर्षं एक एकर बिननांगराचा करतोय.
नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी जी पद्धत बसवली, सगुणा राईस टेक्निक, लोक एसआरटी म्हणतात, ती मी तिथे जाऊन बघून आलो. एकदाच गादीवाफे करायचे, वरून साधारण १०० सेंमी रुंद. ते पुन्हा मोडायचे नाहीत. लोखंडी साचा येतो, तो दाबला की २५ बाय २५ सेंमीवर खड्डे पडतात, खड्ड्यात तीन-चार दाणे टाकायचे की झालं. राब (रोपं तयार करायचा वाफा) नाही, आवणी नाही. कापताना भात जमिनीलगत कापायचा आणि मुळं आतच राहू द्यायची. सगळी गोम त्या मुळांत आहे. ती कुजतात, त्यांच्या जागी नळ्या होतात, त्यातून पाणी आणि हवा खाली जाते, गांडुळं येतात.
आता खरं खरं. पहिलं वर्ष वाईट गेलं. लव्हाळा आणि हरळी इतकी माजली की आईने शेतात येणं सोडलं. दुसऱ्या वर्षी बरं. तिसऱ्या वर्षापासून मला भाताचा फरक दिसला नाही, ना जास्त ना कमी, पण खर्च निम्म्यावर आला. आणि वाल. वाल आधी कधी एवढा झाला नव्हता, कारण वाफ्यात ओल टिकते.
खोडकिडा: जमिनीलगत कापलं की बरीचशी अळी पेंढ्याबरोबर बाहेर जाते, सगळी नाही. ज्या वर्षी पांढऱ्या लोंब्या जास्त दिसतात त्या वर्षी तेवढ्या तुकड्यातली धसकटं मी उपटतो. नियम म्हणजे काही पोथी नाही.

अंबाडीची_भाजी | ११ मे, सकाळी ९:४१
साचा भाड्याने मिळतो का?

भातखाचर | ११ मे, सकाळी ९:५५
माझा घेऊन जा, पण परत आणा. मागच्या वेळी नेणाऱ्याने दोन दात वाकवून दिले आणि वर म्हणे जमीनच कडक आहे.

कृषीपदवीधर | ११ मे, दुपारी १:२०
थोडं शास्त्र सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. याला संवर्धित शेती म्हणतात आणि तिचे तीन पाय आहेत: माती कमीत कमी हलवणे, जमीन कायम झाकलेली ठेवणे (पेरणीनंतर निदान ३० टक्के तरी झाकलेली हवी) आणि पिकांची फेरपालट. तिन्ही पाय हवेत. आपल्याकडे लोक फक्त नांगर थांबवतात, पेंढा तबेल्याला विकतात, उन्हाळ्यात जमीन उघडी ठेवतात आणि मग म्हणतात पद्धत फसली. नुसतं नांगरणं थांबवून जमीन उघडी ठेवली तर वरचा थर दगडासारखा होतो, तो प्रकार उलट वाईट.
दुसरं म्हणजे पावसाचा हिशोब करा. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. दिवसाला १०० मिमी पडला, जो आपल्या जिल्ह्यात जुलैत अनेकदा पडतो, तर एकरावर ४ लाख लिटर पाणी. चिखलणीने मातीचे कण मोकळे केलेले असतात, त्यावर हे पाणी बांध ओलांडून निघालं की सोबत काय घेऊन जाणार?

घोडबंदर_टँकर | ११ मे, दुपारी १:३४
४ लाख लिटर म्हणजे १० हजारी टँकर ४०. पत्ता पाठवतो, आमच्या सोसायटीकडे वळवा.

नांगरधारी | ११ मे, दुपारी २:०५
पदवीधर, ३० टक्के झाकायला पेंढा आणायचा कुठून? माझ्याकडे दोन म्हशी आहेत. पेंढा शेतात टाकला तर म्हशींना काय तुमची पदवी घालू? ;)

कृषीपदवीधर | ११ मे, दुपारी २:३०
हाहा काका, पदवी कडू लागेल त्यांना. पण प्रश्न खरा आहे. पेंढा गुरांना द्या, मुळं आणि बोटभर धसकट शेतात ठेवा, बांधावर गिरिपुष्प लावा. त्याचा पाला टाकला तर नत्रही मिळतं. नुसता पेंढा जाड टाकण्यात दुसरी गंमत असते, त्यात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी, म्हणून तो कुजताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि भात पिवळा पडतो. पहिल्या वर्षी लोक इथेच घाबरतात.

मृदुला_ऐरोली | ११ मे, दुपारी ४:१०
मी शेतकरी नाही, गच्चीवर १४ कुंड्या आणि तीन ड्रम आहेत. पण हे वाचून एक सांगावंसं वाटलं. आमच्या सोसायटीत सफाईवाला रोज सकाळी पाला झाडतो आणि कोपऱ्यात जाळतो, धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी भांडून दोन गोण्या पाला वर आणला, कुंड्यांवर चार बोटं जाड थर दिला. मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालायचे, आता एक दिवसाआड. माती उकरायचीही सोडली, मिरची लावायची तिथेच फक्त बोटाने भोक. तुमच्या खाचराला आणि माझ्या ड्रमाला एकच नियम लागू होतो का हो?

तिसरी_घंटी | ११ मे, दुपारी ४:२२
ताई, फरक एवढाच की तुमच्या ड्रमात मोकाट गुरं येत नाहीत.

मृदुला_ऐरोली | ११ मे, दुपारी ४:२५
कबुतरं येतात. गुरं परवडली.

घणसोलीकर | ११ मे, रात्री ८:५०
सगले नवीन नवीन म्हणून सांगताय म्हणून हसायला येतं. आमचे आजाचे टायमाला घणसोलीला खाडीकडे खारात भात असायचा. तिथे कुठली आवणी आणि कुठला राब. खारबंदिस्तीचा बांध, त्याला उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायचा दरवाजा. पहिल्या पावसाचं पाणी आत घ्यायचं, खार धुवायचा, ओहोटीला उघाडी उघडून सोडून द्यायचं. मग मोड आणलेलं बी नुसतं फेकायचं, त्याला रहू बोलायचे. कापला की जमीन तशीच, नंतर मासे, कोलंबी. आता तिथे सेक्टर झाले, मी त्याच खाराच्या जागी तिसऱ्या माळ्यावर राहतो. बाथरूमची टाईल अजून खारानेच फुगते. जमीन विसरत नाय.

भातखाचर | ११ मे, रात्री ९:१५
काका, हे लिहून ठेवा कुठेतरी. उघाडी म्हणजे काय हे आमच्या पोरांना कळायचं नाही.

अंबाडीची_भाजी | १२ मे, सकाळी ७:४५
सगळे नांगराच्या मागे लागलेत, माझं वेगळं दुखणं. भिवंडी तालुक्यात आमच्या शेजारच्या दोन भावांनी तीन वर्षांपूर्वी खाचराची माती वीटभट्टीवाल्याला दिली. जेसीबी लावून वरची दीड फूट उचलली. त्याने सांगितलं, "फक्त वरची लाल माती, खाली शेत तसंच." आता त्यांचं खाचर आमच्यापेक्षा दीड फूट खाली, आमचा बांध प्रत्येक पावसात त्यांच्याकडे ढासळतो आणि त्यांच्या शेतात वितभर भात येतो, त्यालाही लोंबी नाही. वर्षानुवर्षं जी सुपीक माती म्हणजे मुळं, शेण, पाला, गांडुळं, ती वरच्या त्या वीतभरातच असते. ती गेली की खाली नुसता मुरूम. तुम्ही नांगर लावा नाहीतर नका लावू, आधी माती शेतात राहू दे. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात म्हणे आणि इथे एका दुपारी ट्रॉल्या भरून जाते.

नांगरधारी | १२ मे, सकाळी ८:१०
यावर मात्र तुमच्याशी हजार टक्के सहमत. आमच्याकडेही मागायला आले होते. बायकोने हाकललं.

घोडबंदर_टँकर | १२ मे, सकाळी ८:१३
वहिनींना आमच्या सोसायटीत सेक्रेटरी करा.

पाटबंधारे_पण्या | १२ मे, सकाळी १०:३०
तणनाशकाचं कोणीच बोलत नाही. बिननांगराच्या नावाखाली सगळे ग्लायफोसेट फवारतात. नांगर बंद आणि विष सुरू, ही कसली माती जपणं? २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसासाठी 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलंय आणि केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त कीटकनाशक फवारणी करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरायचं असं ठरवलं. आपल्याकडे मात्र पाठीवर पंप, पायात चप्पल आणि नाकावर गमछा.

भातखाचर | १२ मे, सकाळी ११:०५
बरोबर बोललात, आणि मी स्वतः पहिली दोन वर्षं फवारलंय, खोटं कशाला बोलू. एसआरटीत तणनाशक सांगितलेलंच आहे. आता मी काय करतो, मेच्या शेवटी वळवाचा पाऊस पडला की तण उगवू देतो आणि पेरणीआधी पॉवर विडरने वरचं एक इंच खरवडतो, खाली हात लावत नाही. उरलेलं हाताने. भात एका हाताचा झाला की त्याची सावलीच तणाला मारते. पण हे एका एकरापुरतं आहे, पाच एकरवाल्याला मी हे तोंड वर करून सांगणार नाही.

कृषीपदवीधर | १२ मे, दुपारी १२:१५
जगात हीच भानगड आहे. ब्राझीलमध्ये पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ नावाच्या शेतकऱ्याने १९७२ साली नांगर सोडला, कारण पावसाने त्याची माती डोळ्यांदेखत वाहून जायची. लोक त्याला वेडा जर्मन म्हणायचे. आज तिथे बहुतेक सोयाबीन बिननांगराचं होतं, पण तणनाशकावर. आपल्याला तेच जसंच्या तसं उचलायची गरज नाही. आपल्याकडे दीड एकराला चार हात तरी असतात.

तिसरी_घंटी | १२ मे, दुपारी १२:२०
आमच्या घरात चार हात आहेत, चारही मोबाईलवर.

कळव्याचा_शेतकरी | १७ मे, रात्री १०:३०
सगळ्यांचं वाचलं, आभार. शनिवारी शेतावर जाऊन कुदळीने दोन खड्डे खणले, बाबा बांधावर बसून बघत होते. मधल्या खाचरात सहा इंचांपर्यंत माती नीट, मग एकदम खट्ट आवाज. करड्या रंगाचा थर, कुदळ उसळते. गेल्या वर्षीच्या भाताची मुळं त्या थरावर जाऊन काटकोनात आडवी वळलेली, जशी कुंडीच्या तळाशी वळतात तशी. मग बांधावर गिरिपुष्पाच्या झाडाखाली खणलं, तिथे कुदळ वीतभर अशीच गेली आणि तीन गांडुळं निघाली.
दोन्हीकडची ढेकळं पिशवीत घालून कळव्याला आणली, तीन दिवस खिडकीत वाळवली. मग दोन काचेचे ग्लास पाण्याने भरले, वर चहाच्या गाळण्या ठेवल्या आणि त्यात ढेकळं बुडवली. खाचरातलं ढेकूळ मिनिटभरात विरघळलं, पाणी गढूळ, तळाशी गाळ. बांधावरचं ढेकूळ अर्धा तास झाला तरी तसंच, फक्त बुडबुडे आले. आईने पहिल्यांदा विचारलं हे काय, दुसऱ्यांदा विचारलं माझ्या गाळण्या कुठल्या. बाबांना व्हिडिओ पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

नांगरधारी | १८ मे, सकाळी ६:००
तो करडा थर दरवर्षी चिखलणीने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने होतो, मला माहितीये. पण त्याच थरामुळे पाणी थांबतं हेही लिहा. तुमची वरची खाचरं उतारावर आणि मुरमाड असतील तर तो थर मोडल्यावर पाऊस आठ दिवस उघडला की भात उभा वाळेल. सगळी जमीन एकदम करू नका एवढंच सांगतो.

भातखाचर | १८ मे, सकाळी ७:२०
काका लाखातलं बोललात. खालच्या, ओल धरणाऱ्या खाचरात सुरुवात करा, पाच-दहा गुंठे. आणि धाग्यावर परत या, लोक प्रश्न विचारून गायब होतात.

मृदुला_ऐरोली | १८ मे, सकाळी ९:००
मीही ढेकूळ टेस्ट करणार. कुंडीतल्या मातीची. गाळणी नवऱ्याच्या चहाची.

कळव्याचा_शेतकरी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१५
गायब नाही झालो! खालच्या खाचरातले आठ गुंठे बिननांगराचे केले, बाकी बाबांच्या पद्धतीने. भातखाचर दादांचा साचा आणला (दात सगळे शाबूत आहेत, रविवारी परत आणतो). टोकणी १२ जूनला, मी, बायको आणि मेहुणा. बाबा आले नाहीत. जूनच्या शेवटी तण असं आलं की भात शोधायला लागत होता, दोन रविवार नुसती बेणणी, कंबर गेली, मेहुणा तेव्हापासून फोन उचलत नाही. ऑगस्टमध्ये बारा दिवस पावसाने दडी मारली तेव्हा बाबांच्या वरच्या खाचरात भेगा पडल्या आणि आमचं हिरवं, पण आमचं खालचं खाचर आहे त्यामुळे ही तुलना खरी नाही हे मीच आधी सांगतो.
उतारा: आठ गुंठ्यांत २ क्विंटल ६० किलो. बाबांच्या तेवढ्याच क्षेत्राचा हिशोब लावला तर २ क्विंटल ८५. म्हणजे हरलो. पण ट्रॅक्टर शून्य, आवणीच्या बाया शून्य. बेणणीची आमची मजुरी धरली तर थोडासाच फायदा, नाही धरली तर बराच. कुठलं खरं ते घरात अजून ठरत नाहीये. आणि एक, चार ऑगस्टच्या मोठ्या पावसात या खाचरातून बाहेर पडणारं पाणी मी बाटलीत भरून घेतलं, शेजारच्या खाचराचंही. आमचं उकडीच्या पेजेसारखं, त्यांचं चहासारखं. दोन्ही बाटल्या अजून टीव्हीजवळ आहेत.
आता अडचण वेगळी. कापणीनंतर गावची सगळी गुरं मोकाट सोडतात. वाल टोकायचा तर राखणार कोण? एकट्या आठ गुंठ्यांना कुंपण परवडत नाही.

नांगरधारी | २४ नोव्हेंबर, सकाळी ५:५०
२५ किलोचं काय घेऊन बसलात, पहिल्या वर्षी एवढं म्हणजे बरं आहे. मी ५० धरलं होतं. गुरांचं एकट्याने होत नाही, आमच्याकडे चार जणांनी लागून लागून हरभरा केला, राखणदार एक ठेवला, त्याला पायलीभर द्यायचं.

घणसोलीकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०
पूर्वी गावकी ठरवायची गुरं कधी सोडायची. आता गुरं स्वतःच ठरवतात.

अंबाडीची_भाजी | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:३०
साच्यासाठी पुढचा नंबर माझा, लिहून ठेवा.

कळव्याचा_शेतकरी | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०५
वाल टोकला. शेजारचे दोघे तयार झाले, तिघांचं मिळून एक एकर होतंय. राखण कोण करतंय सांगू? बाबा. पहाटे काठी घेऊन जातात, दुपारी डबा तिथेच. काल फोनवर म्हणाले, त्या आठ गुंठ्यांत चालताना पायाला मऊ लागतं. मी काही बोललो नाही, ते पुढे बैलांवर घसरले.

मृदुला_ऐरोली | ३० नोव्हेंबर, रात्री १०:२०
कडवे वाल आहेत ना? दोन किलो माझे धरा, बिरड्याला. सोलून नकोत.

तिसरी_घंटी | ३० नोव्हेंबर, रात्री १०:२२
ताई मोड काढायला गाळणी लागेल, कळव्याला विचारा.